शिवणीतली माया



खताच्या मात्रा आणि बियाण्यांच्या जाती यांवर तुमच्याशी बोलण्यात माझी तीस वर्षे गेली. आज मात्र माझ्या जुन्या पँटची गोष्ट सांगणार आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचा, तुमच्याही घरातल्या ट्रंकेत अशी एखादी पँट पडून असेल.

गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणाला शिस्त लावली आणि रोज तासभर चालायला सांगितले. बांधापर्यंतही मोटारसायकलवर जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते जड गेले, पण भीतीपोटी केले. आठ महिन्यांत कंबर ३९ इंचांवरून ३७ वर आली. साखर आटोक्यात आली आणि पँटी ढिल्या झाल्या. पट्टा आवळला की मागे चुण्या पडायच्या. एका शिवारफेरीत एक म्हातारबाबा म्हणालेच, “सायेब, अर्धं रिकामं पोतं सुतळीनं बांधल्यावानी दिसतंय की!”

घरी येऊन सौ.ला म्हणालो, “अगं, एवढ्या पँटी आत घेऊन दे ना.” ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “गावोगाव सांगत फिरता ना, ऐकून येत नाही, हातानं केल्यावर येतं म्हणून? मग बसा मशिनवर.”

बसलो. थोरल्या मुलीच्या लग्नात, २०१४ साली शिंप्याकडून शिवून घेतलेली करडी पँट पहिली घेतली. सौ. सांगत गेली तसे करत गेलो.

पँट घालून मागच्या मधल्या शिवणीवर जादा कापड चिमटीत धरायचे आणि टाचणी लावायची. दोन इंच कमी करायचे असतील तर शिवणीच्या दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत जाते. मागून दोन इंचांपेक्षा जास्त घेऊ नये, नाहीतर मागचे खिसे एकमेकांना भिडतात. मग पट्टा अडकवायची मधली पट्टी उसवायची, कंबरपट्टी मागच्या बाजूला थोडी मोकळी करायची आणि बैठकीची शिवण वरून सहा-सात इंच उसवायची. खडूने नवी रेघ आखताना वर एक इंच आत घ्यायचे आणि खाली हळूहळू जुन्या शिवणीला मिळवायचे. एकदम वळवले तर तिथे फुगा येतो. आधी हाताने धावदोरा घालून पँट अंगात घालायची, खाली बसून, वाकून पाहायचे. बरोबर बसली तरच मशिन मारायची, तीही दुहेरी, कारण बैठकीवर सगळा ताण येतो. जाड कापडाला १६ नंबरची सुई लावावी.

मी ब्लेडने टाके काढत होतो. शिवण उघडली आणि हात थांबला. आत दडलेले कापड अजून नव्यासारखे गडद होते, आणि शिवणीलगत बाहेरच्या कापडावर सुईच्या बारीक छिद्रांच्या ओळी होत्या. एक नव्हे, तीन. ३६ ची, ३७ ची, ३८ ची.

“हे काय गं?”

“काय म्हणजे? तुम्ही जाड होत गेलात, मी उसवत गेले.”

मला खरोखर ठाऊक नव्हते! पँट घट्ट झाली की दोन दिवसांनी ती आपोआप नीट बसू लागे. मी बी.एस्सी. झालेला माणूस समजत होतो, धुतल्यावर कापड सैल होत असेल.

सौ.चा आवाज मात्र खाली गेला. म्हणाली, “तुम्हाला कचू नये म्हणून करत होते. पण पँट कचली असती तर वेळेवर ध्यानात तरी आलं असतं. मीच झाकत गेले.”

मी काय बोलणार? दोष तिचा नव्हता. माती तपासून घ्या म्हणून तुमच्या मागे लागणाऱ्या मी स्वतःच्या कंबरेला दहा वर्षे टेप लावली नव्हती. त्या दिवशी खडू लागलाच नाही. तिच्याच ३७ च्या जुन्या ओळीवरून मी मशिन मारली.

तेव्हा मंडळी, दोन गोष्टी सांगतो. पँट आत घेतल्यावर उरलेले कापड कापू नका. शिंपी त्याला माया म्हणतात, ती पुढे उपयोगी पडते. तयार पँट विकत घेतानाही आत माया किती आहे ते उलटून पाहा.

दुसरी गोष्ट, पँट सैल करायच्या आधी बेंबीजवळ टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच आणि बाईची ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे गेली तर साखरेचा धोका वाढतो. रक्त तपासून घ्या. आणि काही न करता पँट एकाएकी ढिली होऊ लागली, तरी डॉक्टरकडे जा, तेही साखरेचे लक्षण असू शकते.

माझी मजल अजून संपलेली नाही. ३६ ची ओळ तशीच आहे. सौ.ने बजावले आहे, “ती शिवायला मशिन देईन. उसवायला ब्लेड मिळणार नाही.”