दहापैकी किती?

माणसाला दोन गुडघे असतात, ही गोष्ट वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. म्हणजे शाळेतल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकात ते होते. पण त्या पुस्तकात प्लीहाही होती, आणि तिच्याशीही माझा आजवर कधी पत्रव्यवहार झालेला नाही. धडधाकट अवयवाचं लक्षणच हे, की तो आहे हे कळत नाही. ज्या दिवशी कळतं, त्या दिवसापासून बाकीचं शरीर नाहीसं होतं आणि माणूस म्हणजे चष्मा लावलेला एक मोठा गुडघा होऊन बसतो.

माझी आणि माझ्या डाव्या गुडघ्याची पहिली ओळख सत्यनारायणाच्या पूजेत झाली. लोकांचे गुडघे फुटबॉल खेळताना जातात, गड उतरताना जातात. माझा पाटावरून उठताना गेला. पाचवा अध्याय संपला, आरतीसाठी उठायला गेलो आणि आत कुठंतरी ‘कट्’ असा आवाज झाला. गुरुजींना वाटलं कुणी सुपारी फोडली. ‘अहो, उठताय ना?’ असं हिनं विचारलं. ‘उठतोय की,’ असं म्हणून मी तिथंच बसून राहिलो. त्या दिवशीची आरती मी बसून म्हटली, आणि मंडळींनी तो माझ्या भक्तीचा भाग समजून सोडून दिला.

फोटो झाले, एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, ‘गुडघ्याच्या आतल्या बाजूची गादी फाटलीय. वयोमानानुसार होतं असं.’ आमच्या लहानपणी दर उन्हाळ्यात दारावर पिंजारी यायचा आणि गाद्या पिंजून द्यायचा. ही गादीही तशी पिंजून मिळेल अशी माझी समजूत होती. पण डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं नाव काढलं नाही. आधी तीन महिने व्यायाम करा म्हणाले आणि मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीच्या हवाली केलं.

ही मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, पण अधिकारानं आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांसारखी. पहिल्याच दिवशी मी ‘त्यापेक्षा ऑपरेशन करून टाकलं तर?’ असं विचारलं, तेव्हा तिनं मला फिनलंडची गोष्ट सांगितली. तिथल्या डॉक्टरांनी १४६ रुग्ण घेतले, सगळ्यांच्या गाद्या माझ्यासारख्याच वयोमानानं फाटलेल्या. त्यातल्या काहींची दुर्बिणीतून खरी शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांची नुसती नाटकी. कुणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षभरानं पाहिलं, तर दोन्ही गटांना सारखाच आराम! हा अभ्यास २०१३ साली छापून आला. ‘म्हणजे मला नाटकी ऑपरेशनही चालेल,’ मी म्हटलं. ‘काका,’ ती म्हणाली, ‘भिंतीला टेका.’

भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, नसलेल्या खुर्चीवर बसायचं असा तो व्यायाम. मांडीचे स्नायू बळकट झाले, की गुडघ्याचा भार ते वाटून घेतात. तत्त्व पटण्यासारखं होतं. पण आमच्या घरी त्यात एक गंमत होती. मी ज्या भिंतीला टेकून नसलेल्या खुर्चीवर थरथरत बसायचो, तिच्या शेजारीच एक असलेली खुर्ची रिकामी होती. ती अप्पांची.

अप्पा म्हणजे माझे वडील. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. अप्पांचे गुडघे गेले आणि शेवटची सात वर्षं ते गॅलरीतल्या त्या कापडी आरामखुर्चीतच बसून राहिले. खालच्या भाजीवाल्याला हाक मारायची, दोरीनं टोपली खाली सोडायची, कोथिंबिरीची जुडी वर ओढायची. सात वर्षांत टोपली हजारदा खाली गेली. अप्पा काही गेले नाहीत. ते गेल्यावर खुर्ची माझ्याबरोबर ठाण्याला आली. तिच्यात मी कधी बसलो नाही. जागा अडते म्हणून ती देऊन टाकू असं ही म्हणते, तेही मी होऊ देत नाही. माझ्या गुडघ्यात ‘कट्’ झालं, तेव्हा पहिल्यांदा माझी नजर गेली ती त्या खुर्चीकडे.

तर व्यायाम सुरू झाला, आणि त्याबरोबर परीक्षाही. ‘काका, दुखणं दहापैकी किती?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न. मराठी मध्यमवर्गात जन्मलेल्या माणसाला दहापैकी किती असं विचारलं, की त्याची जीभ आपोआप नऊकडे वळते. मी पहिल्यांदा ‘नऊ’ म्हणालो. ‘नऊ म्हणजे तुम्ही आत्ता ओरडत असता,’ ती म्हणाली. मग आम्ही तडजोडीनं चारावर आलो. तिनं नियम घालून दिला: तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवायचं, चार झालं की वेग कमी करायचा, पाच झालं की धावणं बंद. आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. दुखणं पहिल्या ठिकाणी परत आलं असेल तर पास, नाहीतर नापास. कमी गुण मिळवण्यात शहाणपण असतं, हे माझ्या वडिलांना सांगायला ही मुलगी चाळीस वर्षांपूर्वी हवी होती.

हळूहळू औषधं वाढली. गुडघ्यावर भार न येता दम वाढावा म्हणून पोहणं. मांड्यांसाठी सायकल. शेवटी चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला, असं मात्रेनं धावणं. सोम-बुध पोहणं, मंगळ-गुरू सायकल, शनिवारी धावणं, अशी मी ती जेवणाआधी-जेवणानंतरच्या गोळ्यांसारखी घेत होतो. कोल्हापूरहून माझा भाचा आला होता, त्यानं हे वेळापत्रक फ्रिजवर वाचलं आणि म्हणाला, ‘मामा, ट्रायथलॉन करताय आणि आम्हाला पत्ता नाही?’ मी म्हटलं, ‘अरे, हे गुडघ्याचं औषध आहे.’ त्यानं ऐकलं नाही. आठवड्याभरात कोल्हापूरच्या एका शर्यतीत माझं नाव घातलं, पैसे भरले आणि मग कळवलं. आमच्या घराण्यात लग्नंही अशीच ठरली.

मग मी या प्रकाराची थोडी माहिती काढली. १९७४ साली अमेरिकेत, सॅन डिएगोच्या मिशन बे इथं पहिल्यांदा ट्रायथलॉन या नावाची शर्यत झाली, त्यात ४६ माणसं होती. पुढं हवाईमध्ये पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद निघाला. आपल्याकडे असे वाद चहाबरोबर सुरू होऊन चहाबरोबर संपतात. त्यांनी तिन्ही अंतरं एकापुढे एक जोडली: जवळजवळ चार किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर अख्खी मॅरेथॉन. १९७८ साली १५ जण निघाले, १२ पोहोचले. माझी शर्यत तेवढी राक्षसी नव्हती. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तेव्हाचंच माप: दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. सगळं चार तासांत.

फिजिओथेरपिस्ट मुलगी हो म्हणणार नाही, अशी माझी खात्री होती. नव्हे, आशाच होती. ती म्हणाली, ‘करा. पण पाच म्हणजे पाच. प्रॉमिस?’ मी प्रॉमिस केलं. त्या वेळी ते फुकट होतं.

तयारीत पहिलं संकट पोहण्याचं. मी पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. आणि मला येतं ते एकच, बेडकासारखं पाय फाकवून पोहणं. नेमका तोच झटका गुडघ्याच्या आतल्या बाजूला वाईट! म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी मला फ्रीस्टाइल शिकावं लागलं, आणि तेही सात-आठ वर्षांच्या मुलांच्या वर्गात. ती मुलं मला ‘आजोबा, बुडबुडे सोडा, बुडबुडे!’ असं शिकवायची. सायकलीची सीट वर घ्यावी लागली, कारण सीट खाली असली की गुडघा जास्त दुमडतो. गिअर हलका आणि पाय भरभर, असं चालवायचं होतं. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला मी फार घाईत आहे असं वाटायचं, आणि जवळून बघणाऱ्याला मी जागेवरच आहे असं वाटायचं. शिवाय सात किलो वजन उतरवलं. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे ऐकल्यापासून ही मला साखर मोजून द्यायला लागली.

शर्यतीच्या आदल्या रात्री ताईकडे, कोल्हापूरला मुक्काम. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचेही गुडघे कुरकुरतात. जेवणं झाल्यावर विषय अप्पांवर आला. मी म्हटलं, ‘अप्पांनी चालणं सोडलं, तिथंच चुकलं.’

‘सोडलं ते नंतर,’ ताई म्हणाली. ‘त्याआधी किती वर्षं रेटलं ते तुला आठवत नाही, तू लहान होतास. गिरगावातून फोर्टातल्या ऑफिसात चालत जायचे. रात्री मी तेल चोळायचे. गुडघा हा एवढा सुजलेला. विचारलं की म्हणायचे, काही नाही ग, थोडंसंच दुखतंय. डॉक्टरकडे कधी गेले नाहीत. आणि मग एक दिवस बसले ते बसलेच.’

मला त्या रात्री झोप लागली नाही. गुडघ्यानं मात्र छान झोप काढली.

सकाळी शिवाजी विद्यापीठाजवळच्या राजाराम तलावात आम्ही उतरलो. फ्रीस्टाइलमध्ये श्वास घ्यायला तोंड वळवलं, की शेजारच्याचा पाय दिसायचा. एकदा तर तो चाखलासुद्धा. पण पंचेचाळीस मिनिटांत बाहेर आलो, आणि गुडघा शून्य. पाण्यातून निघून सायकलीवर बसण्याच्या मधल्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथं कपडे, बूट, मोजे आपले आपणच शोधायचे असतात; बाहेरून कुणाची मदत घेतली तर शर्यतीतून बाद. मध्यमवर्गीय नवऱ्याच्या दृष्टीनं चारही प्रकारांत अवघड हाच. मला मोजे सापडेनात. कुंपणापलीकडे ही उभी होती. तिला मोजे कुठे आहेत ते माहीत होतं. तिचे ओठ हलत होते. नियमाखातर मी डोळे मिटून घेतले. सात मिनिटं गेली.

सायकलीवर पुढच्याच्या मागं चिकटून जायचं नाही, ठराविक अंतर ठेवायचं, असाही नियम आहे. तो मी शंभर टक्के पाळला. माझ्या पुढचा मला दिसतच नव्हता. चाळीस किलोमीटरला एक तास पंचेचाळीस मिनिटं लागली, गुडघा दोन.

मग धावणं. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. कोल्हापूरकर रस्त्याकडेला उभे राहून मनापासून ओरडत होते. ‘नाद खुळा, मामा!’ एकजण म्हणाला, ‘पळा, मामा, पळा! म्होरं रस्सा हाय!’ पाचव्या किलोमीटरला गुडघा तीन झाला, सातव्याला चार. आठव्याच्या पाटीजवळ एका झाडाखाली ताई स्टूल टाकून बसली होती, शेजारी ही पाण्याची बाटली धरून उभी. मी घड्याळ पाहिलं: तीन तास चव्वेचाळीस मिनिटं. दोन किलोमीटर उरले होते आणि सोळा मिनिटं. याच वेगानं धावलो, तर अर्धा मिनिट राखून पोहोचणार होतो. चाललो, तर नाही.

आणि गुडघा पाच होता. पाचच. कुणाला सांगायची गरज नव्हती. ठाण्याची मुलगी ठाण्याला होती.

‘किती रे?’ ताईनं विचारलं.

‘चार,’ मी म्हटलं. आणि सवयीनं पुढं बोलून गेलो, ‘काही नाही ग, थोडंसंच.’

ताई काही बोलली नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते वाक्य मी माझ्या आवाजात म्हटलं होतं. पण ते माझं नव्हतं.

‘पाच,’ मी म्हटलं, आणि चालायला लागलो.

ते दोन किलोमीटर मी कधी विसरणार नाही. तोवर माझ्या हिशेबात जगात दोनच प्रकारची माणसं होती: धावणारी आणि खुर्चीत बसलेली. अप्पांनीही दोनच प्रकार केले. आधी रेटलं, मग बसले. या दोहोंच्या मध्ये चालणं नावाची एक साधी, सगळ्यांना येणारी गोष्ट आहे, हे आमच्या घराण्यात कुणाला सुचलंच नव्हतं. मी कोपरानं गुडघा सांभाळावा तसा तोल सांभाळत चाललो होतो. तिथं फटफटीला टेकलेला एक पैलवान-छाप माणूस म्हणाला, ‘निवांत चला, मामा. रस्ता काय पळून जात न्हाई.’

चार तास सहा मिनिटं. कमान उतरवायला सुरुवात झाली होती. निकालात माझ्या नावापुढं वेळेबाहेर असा शेरा आला. एका पोरानं हातात केळं दिलं. ही म्हणाली, ‘चार तास सहा मिनिटं? मंडईत गेलात तरी एवढा वेळ लावता. त्यात काय!’ ताईकडे तांबडा-पांढरा रस्सा झाला. भाचा माझ्यापेक्षा जास्त हळहळत होता. तो तीन तासांच्या आत आला होता. त्याला हळहळणं परवडत होतं.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी होता. पलंगावरून उतरलो, उभा राहिलो, खोलीत चार पावलं टाकली आणि फोन लावला.

‘दहापैकी किती, काका?’

‘दोन.’

‘पास,’ ती म्हणाली. शालान्त परीक्षेच्या निकालानंतर एवढा आनंद मला कुठल्याच निकालानं दिला नव्हता.

संध्याकाळी ठाण्याला पोहोचलो. गुडघ्यावर बर्फ धरायचा होता, वीस मिनिटं, पाय लांब करून. घरात तशी सोयीची जागा एकच. जरा वेळ उभाच राहिलो, आणि मग अप्पांच्या खुर्चीत बसलो. फार आरामशीर खुर्ची आहे हो! अप्पांना उगाच नावं ठेवली. गॅलरीतून खालचा भाजीवाला नीट दिसत होता.

वीस मिनिटं झाली. हातांवर भार दिला आणि उठलो. उठता आलं.

‘उठलाच आहात तर खाली जाऊन कोथिंबिरीची जुडी घेऊन या,’ आतून आवाज आला.

आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. मी जिन्यानं गेलो. कठडा धरून, सावकाश.