चार चाकें आणि एक काठी

साठी उलटलेल्या माणसानें तीर्थयात्रेला जावें, नातवंडांना गोष्टी सांगाव्या, फार तर अंगणांत चार गुलाब लावावे, अशी आपल्या समाजाची माफक अपेक्षा असते. त्यानें चारी चाकांच्या जोरावर डोंगर चढणारी मोटार घ्यावी, हें कोणालाच पटत नाहीं. मीं ती घेतली तेव्हां एका स्नेह्यानें, ‘आतां शिकारीला निघणार वाटतें?’ असें विचारलें. आणि आमच्या घरांतून, ‘लहानपणीं खेळण्यांतली मोटार मिळाली नसेल,’ असा शेरा आला. दोन्ही वेळां मी नुसता हंसलों. खरें कारण सांगण्याचा धीर मला तेव्हां झाला नाहीं.

करूळ घाट उतरून खालीं गेलें, कीं मुख्य रस्त्यापासून तीन मैल आंत आमचें घर आहे. वाट तांबड्या मातीची; मध्यें जांभ्या दगडाचा एक चढ, आणि घराच्या अगदीं अलीकडे एक व्हाळ. चैत्रांत तो व्हाळ कोरडा ठणठणीत असतो. आषाढांत त्याच्याकडे पाहण्याचीही भीति वाटते. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका आषाढांत, रात्रीं वडिलांच्या छातींत दुखूं लागलें. मी कोल्हापुराहून माझी शहरी मोटार घेऊन धांवलों. ती त्या चढावर चिखलांत रुतली. पुढचीं चाकें जागच्या जागीं गरगर फिरत राहिलीं, आणि मागचीं नुसतीं उभीं राहून पाहत होतीं. शेवटीं गांवच्या माणसांनीं वडिलांना खुर्चींत बसवलें, खुर्चीला बांबू बांधले, आणि व्हाळांतून खांद्यावर त्यांना माझ्यापर्यंत आणून पोंचवलें. त्यानंतर आठ दिवसांनीं ते गेले. ‘दोन तास आधीं आलों असतों तर?’ असें मीं डॉक्टरांना विचारलें. ‘फारसा फरक पडला नसता,’ असें ते म्हणाले. त्यांतला ‘फारसा’ हा शब्द अजून माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

आई तें घर सोडायला तयार नाहीं. तेव्हां त्या वाटेवरून चालेल अशी मोटार शोधणें एवढेंच माझ्या हातीं उरलें.

या शास्त्रांतला माझा गुरु म्हणजे माझा भाचा. त्याच्याकडून मी पहिली गोष्ट ही शिकलों, कीं मोटार उंच आणि दांडगी दिसली म्हणजे ती डोंगरी असतेच असें नाहीं. रस्त्यावर रुबाबानें फिरणाऱ्या अनेक गाड्यांचीं दोनच चाकें ओढतात. आणि चारी चाकांना ओढ असली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. एक चाक खड्ड्यावर अधांतरीं राहिलें, तर आसाचा सगळा जोर त्या रिकाम्या चाकाकडे जातो, आणि ज्याचे पाय जमिनीला टेकलेले आहेत तें बिचारें स्वस्थ बसतें. म्हणून दोन्ही चाकांना एकत्र बांधणारें कुलूप आसावर असलेलें बरें. शिवाय एक अगदीं सावकाश चालीचा गिअर हवा; म्हणजे चढावर इंजिनाला धापा टाकाव्या लागत नाहींत, आणि उतारावर ब्रेकवर सगळा भार पडत नाहीं.

भाच्याचें मन जिप्सीवर होतें. १९८५ सालीं आलेली ही गाडी आतां नवी मिळत नाहीं. पण वजनानें हलकी असल्यामुळें ती शेळीसारखी कोठेंही चढते, असें तिचे भक्त सांगतात. मी एका जुन्या जिप्सींत बसून पाहिलें. तिच्या पुढें-मागें दोन्हीकडे पाटे. प्रत्येक खड्ड्याची वार्ता ती इमानानें पाठीच्या कण्यापर्यंत पोंचवी. ‘मामा, गाडी तुम्हांला चढवायची आहे कीं निजायला हवी आहे?’ भाच्यानें विचारलें. मला ती एका शहात्तर वर्षांच्या बाईसाठीं हवी होती. म्हणून शेवटीं २०२० सालीं नव्या रूपांत निघालेली थार मीं पसंत केली. तिच्या पोटाखालीं २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे, आणि ६५० मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे सव्वीस इंचांहून किंचित् कमी, पाण्यांतून ती जाऊं शकते, असें तिचे कर्ते सांगतात. हा दुसरा आकडा मीं वहींत दोनदां लिहून ठेवला.

मग तयारी सुरू झाली. भाच्याची यादी मोठी होती: छपरावर दिवे, पुढें लोखंडी कठडा, गाडी आणखी चार इंच उंच. कठड्याचा प्रश्न कायद्यानेंच सोडवला. असे कठडे बेकायदा असल्याचें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना कळवलें आहे. गाडीच्या मूळ घडणींत वाटेल तसा फेरफार करतां येत नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ मध्यें स्पष्ट केलें. आणि उंची वाढवली तर आई आंत चढणार कशी? छपरावर ओझें लादलें तर गाडीचा तोल वर सरकतो आणि तिरक्या वाटेवर ती कलंडण्याचें भय वाढतें. एक एक करून मीं सगळें खोडलें. उरलें तें असें: मध्यम खोल नक्षीचे टायर, हवा कमी करून पुन्हां भरण्याचा छोटा पंप, कारण चिखलांत थोडें सैल चाक अधिक जमीन धरतें, एक फावडें, आणि सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या आंकड्यांत अडकवायचा, ताणला जाणारा नायलॉनचा दोर.

या दोराविषयीं आमच्या मिस्त्रीनें मला निक्षून बजावलें, कीं तो कधींही मागच्या गोळ्याला बांधूं नये. ताणाखालीं तो गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. त्यानेंच आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कोरड्या डांबरावर चारी चाकांची ओढ लावून वळूं नये. वळणावर पुढचीं आणि मागचीं चाकें सारखें अंतर कांपत नाहींत, आणि मग मधले दांडे पिळवटतात. पाण्यांत बंद पडलेलें इंजिन तर पुन्हां चालूं करूंच नये. हवेसारखें पाणी दाबलें जात नाहीं, आणि आंतले दांडे वांकतात. ‘आणि साहेब, जिथं पायांनीं जाववत नाहीं, तिथं चाकं घालूं नका,’ एवढें म्हणून त्यानें हात पुसले.

तें वाक्य ऐकून मला वडिलांची काठी आठवली. ती मीं गाडींत आणून ठेवली, आणि तिच्यावर टोकापासून नऊ इंचांवर तांबड्या रंगाची एक रेघ ओढली. साठलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. पण जोरानें वाहणारें फूटभर पाणीदेखील लहान मोटारीला उचलूं शकतें. सव्वीस इंचांच्या आकड्यांत त्या ओढीचा हिशेब नसतो.

गेल्या श्रावणांत आईला ताप आल्याचा फोन आला. निघायला संध्याकाळ झाली. ज्या चढानें मला एकदां अडवलें होतें, तो गाडी संथपणें, जणूं कांहींच न घडल्यासारखी चढली. त्या क्षणीं मला जो आनंद झाला त्यांत सूडाचाही अंश होता, हें कबूल करतों. व्हाळावर पोंचलों तों अंधार पडला होता. पलीकडे घराचा दिवा दिसत होता. गाडीच्या प्रकाशांत मीं कांठावरूनच काठी पाण्यांत रोवली. तांबडी रेघ कोठेंच दिसेना. पाणी मुठीच्या जवळ येऊन काठी हिसकूं लागलें.

मी गाडींत येऊन बसलों. इंजिन चालूं होतें. इतके पैसे, इतकें वाचन, इतकी तयारी या एका रात्रीसाठींच तर केली होती! हात गिअरवर होता. एवढ्यांत फोन वाजला. आईला खिडकींतून गाडीचे दिवे दिसले होते. ‘पाण्यांत उतरूं नकोस,’ ती म्हणाली. ‘माझा ताप उद्यां उतरेल. तूं गेलास तर मीं काय करायचं?’

मीं गाडी मागें घेतली. ती रात्र अलीकडच्या वाडींत एका परिचितांच्या ओसरीवर बसून काढली. त्या दिव्याकडे पाहतांना प्रथमच माझ्या लक्षांत आलें, कीं त्या दुसऱ्या रात्रीं मजजवळ ही गाडी असती तरी कदाचित् मला असेंच कांठावर थांबावें लागलें असतें. डॉक्टरांच्या ‘फारसा’ शब्दाची धार त्यामुळें गेली असें नाहीं. पण ती थोडी बोथट झाली खरी.

सकाळीं पाऊस थांबला होता. मी काठी घेऊन व्हाळांतून पायीं जाऊन आलों; पाणी रेघेच्या खालीं होतें. मग सावकाश चालीच्या दुसऱ्या गिअरमध्यें, गिअर न बदलतां, मीं गाडी पलीकडे नेली. आई पडवींत घोंगडी पांघरून बसली होती. ताप उतरला नव्हता. गाडीचा पायथा तिला उंच होता, म्हणून मीं मागून लांकडी चौरंग काढून तिच्यापुढें ठेवला. माझ्या सगळ्या सामग्रींत भाच्याच्या यादींत नसलेल्या अशा दोनच वस्तु होत्या, त्यांतली ही एक. चौरंगावर पाय ठेवतांना तिनें आधारासाठीं हात पुढें केला. मीं दुसरी वस्तु तिच्या हातीं दिली. तिनें ती ओळखली, बोटानें तांबडी रेघ चाचपली, आणि कांहीं न बोलतां गाडींत चढून बसली.