त्रिरश्मीचा हिशेब

नाशिकपासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पण पांडवांचा येथे काडीचाही संबंध नाही. भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेली ही प्राचीन लेणी आहेत. वर्षावासातील एका रविवारी आम्ही काही कुटुंबे मुलाबाळांसह तेथे गेलो. पायथ्याच्या बुद्धस्मारकात वंदना घेतली आणि पायऱ्या चढलो.

बहुतेक मंडळी मूर्तींपुढे हात जोडून, फोटो काढून पुढे जातात. आम्ही दहाव्या लेण्यातील शिलालेखापाशी थांबलो. राजा नहपानाचा जावई उषवदात याचा हा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख. त्याने लेणे संघाला दिलेच, शिवाय ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पैकी २००० वर दरमहा शेकडा १ व्याज. त्यातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. खर्डेघाशीत आयुष्य गेलेल्या आम्ही तिथेच आकडेमोड केली. महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० म्हणजे बरोबर १२. कवडीचा फरक नाही!

दान काही राजघराण्याचेच नव्हते. मुगुदास नावाच्या कोळ्याने सहपरिवार दिलेल्या दानाचा लेखही याच डोंगरावर आहे. श्रद्धा म्हणजे पावसाळ्यात भिक्खूच्या अंगावर वस्त्र आहे की नाही, याची काळजी.

प्रतीके क्षुल्लक आहेत, असे आम्ही म्हणत नाही. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरात धम्म दिला. आपला झेंडा, आपला 'जयभीम' कष्टाने मिळवलेला आहे. पण बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आणि प्रज्ञा, शील, करुणा दाराबाहेर, असे झाले तर काय उपयोग? जयंतीला मंडप, रोषणाई, कर्णे. दुसऱ्या दिवशी विहाराला कुलूप, आणि शेजारच्या मुलीची शाळा पुस्तकांवाचून सुटते. हे चित्र कोणत्या वस्तीत नाही?

बंधू-भगिनींनो, उषवदाताचा हिशेब आपल्यालाही जमेल. जयंतीच्या वर्गणीतील दहावा हिस्सा विहाराच्या नावे बँकेत कायम ठेवा. मुद्दलाला हात लावू नका. दर जूनमध्ये व्याजातून वस्तीतील मुलांना वह्या-पुस्तके द्या आणि जमाखर्च विहाराच्या फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहा. रक्कम लहान असली तरी चालेल, हिशेब मात्र चोख हवा.

जयभीम!