पाच दिवसांचे नगर, बारमाही कुरण

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात सॉमरसेट नावाचा परगणा आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून सुटणारी गाडी दीड-दोन तासांत कॅसल केरी या लहानशा स्थानकावर पोहोचते. तेथून पुढे झुडपांच्या कुंपणांमधून वळत जाणारे अरुंद रस्ते, सफरचंदाच्या बागा आणि दुभत्या गाईंची कुरणे यांखेरीज फारसे काही दृष्टीस पडत नाही. पिल्टन हे याच मुलखातील एक खेडे. गावाजवळ एक रुंद, उथळ दरी पसरली आहे. तिच्या उंच उतारावरून पश्चिमेकडे पाहिले, की ग्लास्टनबरीची प्रसिद्ध टेकडी आणि तिच्या माथ्यावरील सेंट मायकेलच्या प्रार्थनामंदिराचा छप्पर हरपलेला मनोरा दिसतो. या दरीत ‘वर्दी फार्म’ नावाचे दुग्धव्यवसायाचे शेत आहे. वर्षातील बहुतेक दिवस येथील वस्ती म्हणजे गाई आणि त्यांची देखभाल करणारी मोजकी माणसे. जूनच्या अखेरीस मात्र याच कुरणांवर दोन लाखांहून अधिक माणसे उतरतात, पाच दिवस राहतात आणि निघून जातात. जगभर ‘ग्लास्टनबरी महोत्सव’ म्हणून ओळखला जाणारा संगीताचा मेळा तो हाच.

तेथे कोण गायले, कोणी किती गर्दी खेचली, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे विचार करायचा आहे तो गाण्यासाठी उभ्या राहणाऱ्या वास्तूंचा: आज आहेत आणि उद्या नाहीत अशा मंचांचा, मंडपांचा आणि मनोऱ्यांचा. कायमची इमारत बांधणाऱ्या स्थपतीला ती शंभर वर्षे टिकावी, ही चिंता असते. तात्पुरती वास्तू रचणाऱ्यापुढे याच्या नेमका उलटा प्रश्न असतो. ती वास्तू गेल्यानंतर जमिनीवर काय उरेल? हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु वर्दी फार्मच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या इतिहासात तो अनेक रूपांनी पुढे आलेला दिसतो.

या शेताचे मालक मायकेल ईव्हिस. 1954 साली वडिलांच्या निधनानंतर अवघ्या एकोणिसाव्या वर्षी शेताचा भार त्यांच्यावर पडला. 19 सप्टेंबर 1970 रोजी त्यांनी आपल्या शेतात पहिला मेळा भरवला. प्रवेशमूल्य एक पौंड होते आणि त्यात शेतावरचे दूध विनामूल्य मिळत असे. सुमारे दीड हजार माणसे आली. पुढच्याच वर्षी, 1971 च्या जूनमध्ये, या शेतात पहिला पिरॅमिड उभा राहिला. बिल हार्किन यांना दोन प्रकाशझोत आकाशात एकत्र येऊन पिरॅमिडचा आकार घडत असल्याचे स्वप्न पडले आणि त्यातून या मंचाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. परांचीचे लोखंडी नळ, जाळीदार पत्रा आणि वर ताणलेले प्लास्टिकचे आच्छादन एवढ्या सामग्रीतून इजिप्तमधील गिझाच्या महापिरॅमिडची एक दशांश आकाराची प्रतिकृती गवतावर उभी राहिली. राजांच्या देहाला अमरत्व देण्यासाठी ज्या आकाराची योजना झाली, तोच आकार काही रात्रींच्या गाण्यासाठी नळ आणि प्लास्टिकमधून घडवायचा, यात एक मिश्किल खेळकरपणा आहे.

हा खेळकरपणा उपयुक्तही होता. पिरॅमिडच्या उतरत्या बाजूंवर पावसाचे पाणी साचत नाही. त्याचा विस्तार तळाशी अधिक आणि माथ्याकडे कमी असल्यामुळे, जेथे वाऱ्याचा जोर मोठा तेथे त्याला अडवणारे क्षेत्र लहान राहते. शिवाय हजारो माणसांच्या गर्दीत, तंबूंच्या एकसारख्या रांगांमध्ये, दिशा हरवलेल्या माणसाला दुरूनही ओळखता येईल अशी एक खूण मिळते. मेळ्यातील वास्तूला हे काम करावेच लागते. आपल्याकडील यात्रेत उंच काठीवरचे निशाण जे काम करते, ते तेथे पिरॅमिडचे टोक करते.

दुसरा पिरॅमिड 1981 साली बांधला गेला आणि या इतिहासातील सर्वांत मनोज्ञ वास्तू तीच, असे म्हणावेसे वाटते. तारायंत्राचे जुने खांब आणि संरक्षण खात्याकडून निकाली निघालेले धातूचे पत्रे वापरून तो उभारला होता. ईव्हिस हे पिंडाने शेतकरी. वर्षातून चार दिवस लागणारी आणि उरलेले दिवस रिकामी राहणारी इमारत त्यांच्या हिशेबात बसणारी नव्हती. म्हणून महोत्सव संपला, की हिवाळ्यात त्याच पिरॅमिडमध्ये गाईंचा गोठा असे आणि वैरणीची साठवण होई. जेथे उन्हाळ्यात नामवंत कलावंत उभे राहत, तेथे थंडीत गाई रवंथ करीत. एका वास्तूला दोन ऋतूंत दोन कामे देणारी अशी योजना आजच्या मोठमोठ्या सभागृहांनाही साधलेली नाही.

1994 च्या जून महिन्यात, महोत्सव अगदी तोंडावर आला असताना, हा पिरॅमिड आगीत जळून गेला. ऐनवेळी दुसरा मंच आणवून त्या वर्षीचा मेळा पार पाडण्यात आला. आज दिसणारा तिसरा पिरॅमिड 2000 सालचा आहे. त्याची उंची 30 मीटर असून त्यात चार किलोमीटरहून अधिक लांबीचे पोलादी नळ आहेत आणि वजन सुमारे 40 टन भरते. या पोलादी सांगाड्यावर महोत्सवाच्या वेळी आच्छादन, दिवे आणि ध्वनियंत्रणा चढते. इतर वेळी हा सांगाडा कुरणात नुसता उभा असतो.

पिरॅमिडभोवतीच्या इतर असंख्य वास्तू मात्र खरोखरच आल्या-गेल्या असतात आणि खेळकरपणाला तेथे अधिक मोकळीक मिळते. ‘पार्क’ नावाच्या भागात रंगीबेरंगी फितींनी सजवलेला एक मनोरा आहे. त्यावर चढून गेले, की संपूर्ण तंबूनगर नजरेच्या टप्प्यात येते. ‘आर्केडिया’ या कलावंतगटाने सीमाशुल्क विभागाच्या जुन्या तपासणी यंत्रांचे भाग वापरून एक प्रचंड कोळी घडवला होता. हा कोळी अनेक वर्षे येथे मंच म्हणून उभा राहिला. त्याच्या पायांखालून माणसे चालत आणि नाचत. 2024 साली त्याची जागा एका चतुराने घेतली. या कीटकाचे शरीर ब्रिटिश नौदलाच्या निवृत्त ‘सी किंग’ हेलिकॉप्टरपासून बनवले आहे. एके काळी सैन्याच्या सेवेत असलेले यंत्र मुलांनी कुतूहलाने वर पाहावे असे खेळणे होते, हे दृश्य विचार करायला लावणारे आहे.

अशा वास्तूंची रचना करणे मात्र पोरखेळ नव्हे. कायमच्या इमारतीचा पाया जमिनीत खोल जातो. येथे शेतकऱ्याचे कुरण खणायचे नसते, म्हणून वास्तूला धरून ठेवण्याचे काम वजनाने करावे लागते. पाण्याने भरलेल्या टाक्या, काँक्रीटचे ठोकळे, जमिनीत फिरवून बसवायच्या आणि नंतर काढून घ्यायच्या पोलादी मेखा ही त्याची साधने. जड वाहनांच्या चाकांखाली माती दबू नये म्हणून आधी जोडपट्ट्यांचे तात्पुरते रस्ते अंथरले जातात. ध्वनीचेही स्वतःचे गणित आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर वेगाने जातो, विजेच्या तारेतून जाणारा संदेश मात्र जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. मंचापासून 100 मीटर दूर उभ्या केलेल्या ध्वनिक्षेपकाने आपला आवाज सुमारे तीन दशांश सेकंद रोखून धरला नाही, तर मागच्या श्रोत्याला प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येईल. म्हणून मैदानातील ते मनोरे मुद्दाम थोडे उशिरा बोलतात.

सर्वांत मोठा शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो, आणि मंचाचे छप्पर म्हणजे एक मोठे शीडच. 13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या जत्रेत वादळाआधीच्या झोताने मंचाचे छप्पर कोसळले आणि 7 जणांनी प्राण गमावले. छपराचे ताणदोर ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते, ते ठोकळे जमिनीवर नुसते ठेवलेले होते. आडवा ताण येताच ते टिकाव धरू शकले नाहीत, असे चौकशीत आढळले. त्यानंतर पाचच दिवसांनी बेल्जियममधील पुकेलपॉप महोत्सवात वादळामुळे 5 जण मृत्युमुखी पडले. तात्पुरते आहे म्हणून थोडे सैल चालेल, हा विचार किती घातक ठरतो, हे त्या एका आठवड्याने दाखवून दिले. वास्तू चार दिवसांची असली, तरी तिच्याखाली उभा असलेला जीव चार दिवसांचा नसतो. आज जबाबदार आयोजक मंचाच्या माथ्यावर वायुवेगमापक लावतात आणि कोणत्या वेगाला गाणे थांबवायचे, कोणत्या वेगाला पडदे उतरवायचे आणि कोणत्या वेगाला मैदान रिकामे करायचे, हे आधीच लिहून ठेवतात.

मंच उतरल्यावर त्याच्या सामग्रीचे काय होते, या प्रश्नाचे सुंदर उत्तर शोधण्यासाठी सॉमरसेटमधून अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जावे लागते. ओरेगन राज्यात, पोर्टलँड शहराजवळ हॅपी व्हॅली येथील पेन्डार्व्हिस फार्मवर ‘पिकाथॉन’ नावाचा लहान संगीत महोत्सव भरत आला आहे; या महोत्सवाचा आरंभ 1999 साली झाला. एकदाच वापरून फेकायच्या ताटल्या आणि पेले त्याने हद्दपार केले. पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या वास्तुकला विभागातील विद्यार्थी 2014 पासून या महोत्सवासाठी ‘ट्रीलाइन’ नावाचा मंच रचू लागले. त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. सामग्री विकत घेऊन नंतर टाकून द्यायची नाही. ती जेथून जेथे चालली आहे त्या वाटेवरून काही दिवस उसनी वळवायची आणि काम संपताच पुन्हा मार्गी लावायची.

पहिल्या वर्षी त्यांनी माल ठेवण्याच्या लाकडी फळ्यांचे चौकटीवजा पाट घेतले, ज्यांना व्यापारी ‘पॅलेट’ म्हणतात. 2015 साली पुठ्ठ्याच्या नळ्या आल्या. 2017 साली घरांच्या छपरांना लागणाऱ्या लाकडी कैच्या उभ्या करून त्यांचे मनोरे रचले. 2018 साली सफरचंदाच्या बागांमध्ये फळे भरण्यासाठी वापरतात त्या मोठ्या लाकडी पेट्यांचा मंच झाला. ऑगस्टच्या आरंभी गाणे, आणि त्यानंतर फळांची तोडणी सुरू होण्याच्या सुमारास पेट्या परत बागेत! ऋतूचा असा नेमका उपयोग पाहून शेतकऱ्याचीच योजना वाटावी. 2017 च्या कैच्यांची पुढची वाट तर अधिकच हृद्य आहे. क्लॅकमस परगण्यात बेघर झालेल्या निवृत्त सैनिकांसाठी जी वस्ती उभारण्यात आली, तिच्यातील छोट्या निवाऱ्यांसाठी त्या वापरल्या गेल्या. ज्या लाकडाखाली काही संध्याकाळी गाणे झाले, त्याच लाकडाखाली पुढे कोणाच्या तरी डोक्यावर छप्पर आले.

या नियमामुळे कल्पकतेला आळा बसला, असे कोणी म्हणेल. परंतु प्रत्यक्षात घडले ते वेगळेच. पेटीला खिळा मारायचा नाही, कैची कापायची नाही, कारण ती पुढे कामाला यायची आहे, हे ठरले की वस्तूकडे बारकाईने पाहावे लागते. ती कशी रचली तर भक्कम बसेल, तिच्या फटींतून संध्याकाळचा प्रकाश कसा येईल, याचा विचार करावा लागतो. खेळकरपणा त्या पाहण्यातून येतो. आपल्याकडे जुन्या पद्धतीचा मांडव घालणाऱ्या कारागिरालाही हे ठाऊक असते. तो बांबूला खिळा न मारता काथ्याने आवळतो, कारण तोच बांबू त्याला पुढच्या मांडवालाही न्यायचा असतो.

पुन्हा पिल्टनच्या कुरणाकडे वळू. 1997, 2007, 2016 अशा काही वर्षी पावसाने तेथे एवढा चिखल झाला, की गवताचे पाते दिसेनासे झाले. मेळा उठल्यावर शेकडो माणसे कचरा वेचत शेत पिंजून काढतात. त्यांच्यामागून चुंबकाच्या पट्ट्या फिरवल्या जातात, कारण तंबूची विसरलेली लोखंडी खुंटी गवताबरोबर गाईच्या पोटात गेली, तर तिच्या जिवावर बेतू शकते. दोन लाख माणसांच्या आनंदाचा शेवटचा हिशेब एका मुक्या प्राण्याच्या सुरक्षिततेशी येऊन थांबतो, ही गोष्ट मनात घर करून राहते. शिवाय साधारण पाच-सहा वर्षांतून एकदा महोत्सव भरवलाच जात नाही. जमिनीला उसंत मिळावी म्हणून ते वर्ष मोकळे सोडले जाते. 2006, 2012 आणि 2018 ही अशी विश्रांतीची वर्षे होती. तिकिटांना एवढी मागणी असताना एक संपूर्ण वर्ष गवतासाठी सोडून देणे, हा व्यवहारापेक्षा मोठा हिशेब आहे.

आपल्या प्रत्येक कुटुंबात आणि गावात वर्षाकाठी किती मांडव पडतात! लग्नाचे, उत्सवाचे, सभेचे, गाण्याचे. ते सुंदर असावेत, थोडे गमतीचेही असावेत. मुलांनी त्यांच्याखालून धावावे, थोरांनी कौतुकाने पाहावे. त्यांची आखणी करताना मंडपवाल्याला रंग आणि झालरी यांच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. ही सामग्री येथून कोठे जाणार? वारा सुटला तर हा मांडव कशाच्या आधाराने उभा राहणार? आणि पंधरा दिवसांनी या मैदानावर गुरे निर्धास्त चरू शकतील काय?