मोठी आई, ओटीपी सांग

बँकेतला मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा असेल. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, आपके नाम पर तो पहले से दो लोन चल रहे हैं. तीन किस्तें बाउंस भी हैं." मला हसूच आलं. अहो, माझ्या नावावर आजवर कधी सायकलही नव्हती! त्याने कागद छापून हातात दिला. नाव माझं, जन्मतारीख माझी, पॅन माझं, पत्ता मिसरोदचा, आमच्याच घराचा. एक कर्ज एसीचं, दुसरं मोबाइलचं.

एसी कुठे आहे ते मला त्याच क्षणी कळलं. आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर, पुतण्याच्या खोलीत. तो आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू मीच लावलं होतं.

लेकीला पुण्यात प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण आईवडील सहकर्जदार लागतात, म्हणून आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. हे शेजारच्या खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "वर लगेच काही बोलू नकोस. घरातच मिटवू."

आम्ही मूळचे कारंज्याकडचे. सासरे नोकरीनिमित्त भोपाळला आले आणि इथलेच झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा मिसरोद म्हणजे शहराबाहेरचं गाव होतं. इटारसीकडे जाणाऱ्या गाड्यांतल्या मोजक्याच इथे थांबत, बाकी गव्हाची शेतं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॉलन्या आणि पुढे मंडीदीपचे कारखाने. पुतण्या तिथेच ठेक्यावर कामाला जातो. खाली आम्ही, वर धाकटे भाऊजी. स्वयंपाक वेगळा, पण कागदपत्रं एकत्र. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यांची आधार कार्डं, पॅन, रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या. डबा माझ्या कपाटात, किल्ली देव्हाऱ्याच्या खणात. सगळ्यांना ठाऊक.

आणि फोनचं म्हणाल, तर घरातले सगळे फोन पुतण्याच सांभाळायचा. आधार लिंक करायचं, विजेचं बिल भरायचं, सगळं तोच. मी कणीक मळत असायचे आणि तो जिन्यावरून ओरडायचा, "मोठी आई, ओटीपी सांग!" मी हाताच्या कोपराने फोन सरकवून आकडे वाचून दाखवायचे. एकदा तर माझ्यासमोर फोन धरून म्हणाला, "इकडे बघ, आता डोळे मिटून उघड." मी मिटून उघडले. कशासाठी हे विचारलंही नाही. बहुतेक त्याच दिवशी मी कर्जदार झाले असेन.

दोन दिवस थांबले आणि मग वर गेले. पुतण्या खाली मान घालून बसला. त्याचे स्वतःचे जुने हप्ते थकलेले, म्हणून त्याच्या नावावर कुणी कर्ज देत नव्हतं. "मी भरणारच होतो गं, मधे तीन महिने काम बंद होतं." जाऊ मात्र मान खाली घालणाऱ्यातली नाही. ती म्हणाली, "ताई, परक्याने तर नाही ना वापरलं? घरातलंच तर आहे. आणि ओटीपी तुम्हीच दिला होता."

हे दुसरं वाक्य मला झोपू देईना. खरंच होतं ते. आकडे मी दिले होते, चेहरा मी दिला होता. पण नाव? ते मी दिलं होतं का? आमच्याकडे लहानपणापासून पाठशाळेत अचौर्य शिकवताना चोरी हा शब्द फारसा येत नाही. अदत्तादान येतो. जे दिलेलं नाही ते घेणं. वस्तू आपल्याच माणसाची आहे की परक्याची, कुलूप होतं की नव्हतं, हा प्रश्नच नाही. दिलं होतं का, एवढंच.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचा पासवर्ड, सही किंवा ओळख लबाडीने वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात पुतण्याला सूट नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूसही फोनवर तेच म्हणाला, तक्रार नोंदवा, एफआयआरची प्रत पाठवा, मग चौकशी करू. म्हणजे कर्ज माझं नाही हे सिद्ध करायचं तर ज्याला मी अंगाखांद्यावर वाढवलं त्याचं नाव ठाण्यात सांगायचं. नाही सांगितलं तर कर्ज माझं. मधली वाट कुणी दाखवेना.

याच दिवसांत मला ग्वाल्हेरच्या एका गृहिणीची गोष्ट आठवत राहिली. नोटाबंदीत, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, तिने दोन लाख साडेअकरा हजार रुपये आपल्या खात्यात भरले. नवरा, मुलगा, नातेवाईक यांनी वेळोवेळी दिलेल्या पैशांतून साठवलेले आहेत, असं तिचं म्हणणं. आयकर खात्याला ते पटेना. प्रकरण आग्र्याच्या अपील न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०२१ साली निकाल लागला, की नोटाबंदीत गृहिणींनी भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांचं उत्पन्न धरू नये. बाईच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे आले तर पाच वर्षं विचारत राहिले, हे कुणाचे. माझ्या नावावर दुसऱ्याचं कर्ज चढलं तेव्हा एकानेही विचारलं नाही, बाई, हे तुमचंच ना?

पण खरं सांगायचं तर नाव वापरू देण्याची सवय मलाच होती. वरच्या मजल्याचं विजेचं मीटर माझ्या नावावर आहे. का? तर मध्य प्रदेशात दीडशे युनिटच्या आत वापर राहिला तर पहिल्या शंभर युनिटांचं बिल शंभर रुपये येतं. एका मीटरवर सगळं घर चाललं तर सवलत जाते, दोन मीटर असले की दोन्ही आत बसतात. अर्जावर मी सही केली आणि वर चहाही केला. पुढे एसी आला आणि ती सवलतही गेली, ते वेगळं.

आणि सासूबाई.

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने सवलतीचे सिलिंडर वर्षाला सहावर आणले होते. पुढे नऊ झाले, मग बारा, पण त्या वेळी घरोघरी हाहाकार होता. एका घरात एकच जोडणी, असा नियम. आमच्याकडे दोन होत्या, दुसरी सासूबाईंच्या नावावर. ती टिकवायची तर त्या वेगळ्या पत्त्यावर राहतात असं फॉर्मवर दाखवायला हवं होतं. भाऊजींच्या तेव्हाच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता मी घातला. सासूबाई चौथी शिकलेल्या. सही करायला त्यांना फार वेळ लागे, आणि त्या सहीचा त्यांना अभिमान होता. प्रत्येक अक्षरावर स्वतंत्र रेघ मारायच्या. दुपारी त्या झोपल्या होत्या, एजन्सी पाचला बंद होणार होती. मी बिलाच्या पाठीवर चार वेळा गिरवून पाहिलं आणि पाचव्यांदा फॉर्मवर त्यांची सही केली. छान जमली होती. तुटक रेघांसकट.

तत्त्वार्थसूत्रात सत्याच्या अतिचारांत एक नाव आहे, कूटलेखक्रिया. खोटा लेख करणं. मी ते कितीदा म्हटलं असेल. पर्युषणात पाठ म्हणताना तो शब्द तोंडातून पुढे निघून जायचा. या वर्षी तिथे अडखळले. शेजारच्या बाईने वर पाहिलं.

तर मी एफआयआर केली नाही. ती बरोबर की चूक, मला अजून नक्की सांगता येत नाही. पुतण्याकडून त्याच्या हाताने, त्याच्या सहीने लिहून घेतलं की ही दोन्ही कर्जं त्याची आहेत. जाऊ त्या कागदावर फार रागावली, "घरात कागद?" म्हणाली. महिनाभर बोलली नाही. त्याने मोबाइल विकला, थकलेले हप्ते भरले. पण हप्ते भरले तरी ते उशिरा भरल्याची नोंद राहतेच. लेकीचं कर्ज त्या वर्षी झालं नाही. पहिल्या वर्षाची फी यांच्या मुदत ठेवीतून गेली, ती आमच्या म्हातारपणासाठी होती. लेक काही बोलली नाही. फक्त पुण्याला जाताना त्या डब्यातून आपलं आधार आणि पॅन काढून पर्समध्ये ठेवलं. मी पाहिलं, पण पाहिलं नाहीसं केलं.

आता मी दर वर्षी माझा अहवाल मागवते. प्रत्येक पत संस्थेकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, अशा चार संस्था आहेत. चूक कळवली तर तीस दिवसांत निकाल लावावा लागतो, उशीर झाला तर २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. माझ्या नावावर पाच निघाले. दोन माझे, एक यांचं, एक वरचं, पाचवं कुणालाच आठवेना. ते बंद करायला लावलं.

क्षमावणीला पुतण्या खाली आला, हात जोडून म्हणाला, "मोठी आई, उत्तम क्षमा." सगळ्यांना म्हणतात तसंच म्हणाला. मीही हात जोडले. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "तुझं विजेचं बिल भरून देऊ?" मी म्हटलं, "भर. फोन माझ्याकडे राहू दे, आकडे मी स्वतः टाकते."

दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंचं गॅसचं पुस्तक घेऊन एजन्सीत गेले. जोडणी परत करायची म्हटलं. काउंटरवरच्या माणसाने पुस्तक चाळलं आणि म्हणाला, "माताजी को लाना पड़ेगा, अंगूठा लगेगा."

"त्या २०१४ मध्येच गेल्या," मी हिंदीत सांगितलं.

त्याने पुस्तकातल्या तारखा बघितल्या, मग माझ्याकडे. "तो इतने साल सिलिंडर कौन ले रहा था?"

मागे रांग होती. मी म्हटलं, "मैं."