चेसी

थोरल्यानं नवी थार दारात आणून उभी केली तेव्हा घरच्यांनी तिला ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. पोरं आत चढायच्या गडबडीत. मी गोठ्यातलं रिकामं पोतं आणलं, गाडीच्या पोटाखाली अंथरलं आणि उताणा झोपलो. सूनबाई हसली. थोरला म्हणाला, "आबा, गाडी नवी कोरी हाय. खाली काय बघताय?"

"चेसी बघतोय," म्हणालो.

माणसं गाडी घेताना रंग बघतात, शिटा बघतात, एसी बघतात. माझी नजर पहिली चेसीवर जाते. ही सवय मला एका रात्रीनं लावली, आणि त्या रात्रीची खरी गोष्ट मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

पहिली जीप मी १९८९ साली घेतली. गाडी त्याहून बरीच जुनी. सरकारी लिलावातून सुटलेली, दोन हात फिरलेली, मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. महिंद्रानं १९४७ पासून अमेरिकेतल्या विलीस जीपा आपल्या देशात जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली. आमच्या पाटण तालुक्यात कोयनेच्या दोन्ही अंगांना डोंगर. वर जांभ्या दगडाचे सडे, आणि सड्यांच्या कडेला वाड्यावस्त्या. एसटी खालच्या रस्त्यानं जायची. वर जायला बैलगाडीची वाट होती, तिच्यावरच मी बारा वर्षं वडाप केलं. दुधाची कॅन, खताची पोती, आल्याचं बियाणं, नवरानवरी, आजारी माणूस, सगळं त्या जीपनं नेलं-आणलं.

त्या जीपची चेसी म्हणजे दोन लांब लोखंडी चॅनेल. तीन बाजू बंद, एक बाजू उघडी. इंग्रजी सी अक्षर उभं केलं तर दिसेल तशी. दोन्ही चॅनेलच्या मधे आडवे तुकडे, शिडीच्या पायऱ्यांसारखे, आणि ते बऱ्याच ठिकाणी रिबिटांनी जोडलेले. खाली पुढं-मागं अख्खे आख आणि त्यांच्यावर पाटे. वर बॉडी, ती मधे रबराचे गुटके घालून बोल्टनं आवळलेली. बस, एवढाच कारभार.

अशी गाडी ओढ्यात घातली आणि डावं पुढचं चाक धोंड्यावर चढलं की पाटे थोडे दबायचे, उरलेलं काम चेसी करायची. ती पिळवटायची. ओला पंचा पिळताना एक हात इकडं, एक हात तिकडं, तसं बॉनेट एका बाजूला कलायचं आणि मागचा फाळका दुसऱ्या बाजूला. नवा माणूस घाबरायचा. पण त्या पिळामुळंच चारी चाकं जमीन धरून राहायची आणि गाडी वर निघायची. दारं नव्हतीच, वर ताडपत्री, त्यामुळं चेसी पिळवटली तरी अडकायला काही नव्हतं. आवाज मात्र सतत. कुर्र, कर्र, खट.

आमच्या दादांची बैलगाडीही अशीच होती. साटीचे सांधे सुतारानं खुंटीवर ठेवलेले. मी लहानपणी एकदा म्हणालो होतो, "दादा, खिळे ठोकून घट्ट करू या, लई वाजती." दादा म्हणाले, "वाजू दे. कुरकुरती ती गाडी चालती, मुकी गाडी मोडती." शाळेत दहावीपर्यंत गेलो तरी एवढं शहाणपण मला कुणी शिकवलं नाही, आणि दादांनी शिकवलं ते मी विसरलो.

१९९४ च्या उन्हाळ्यात जीपचं कुरकुरणं वाढलं. वडापात मागं सहा बसायचे तिथं आठ, वर पोती. मला वाटलं, चेसी कमजोर झाली. एका फॅब्रिकेशनवाल्याकडं गेलो आणि डाव्या चॅनेलच्या उघड्या बाजूला जाड पट्टी वेल्ड करून घेतली. पाट्याच्या हँगरपासून मधल्या आडव्या पट्टीपर्यंत, दीड-दोन हात लांब. पट्टीचं टोक सरळ कापलेलं, आणि त्या टोकाला वेल्डिंग खालच्या कडेपर्यंत ओढलेलं. आमचे नेहमीचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचा म्हणायचे, त्यांनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, ये काढून टाक. तुझी गाडी या पट्टीत नाही तुटणार, पट्टीच्या बाजूला तुटणार."

मला राग आला. वेल्डिंग त्यांच्याकडं केलं नाही म्हणून बोलतात, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर गाडी सुधारलीच होती. आवाज निम्मा झाला. मी चारचौघांत सांगत फिरलो की चेसी डबल केली.

आषाढात एका रात्री वरच्या वाडीतला माणूस पावसातनं पळत आला. बायको अडली होती. मी जीप काढली. तिला मागं गोधडीवर निजवलं, सुईण शेजारी, नवरा पायरीवर. खाली पाटण चौदा किलोमीटर. अर्ध्या वाटेवर ओढा लागतो, तिथं मी हजार वेळा गाडी घातली असेल. डावं चाक धोंड्यावर चढलं आणि टण्ण करून आवाज आला. घंटेवर हातोडा मारावा तसा. स्टेअरिंग डावीकडं ओढायला लागलं. ओढ्याबाहेर काढून बॅटरी घेऊन खाली वाकलो. चॅनेलची खालची कड फाटली होती आणि चीर वर चढत निम्म्यापर्यंत गेली होती. करंगळी जाईल एवढी फट. चीर नेमकी कुठं? पट्टी जिथं संपत होती तिथं, वेल्डिंगच्या टोकाला.

मागं ती बाई ओरडत होती. नवरा विचारत होता, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "पाटा बसला."

कुणाच्या तरी बांधावरचं बाभळीचं लाकूड आणलं. ते चॅनेलला लावून साखळीनं आणि सोलानं करकचून बांधलं. मग पहिल्या गिअरमधे, माणूस पुढं बॅटरी घेऊन चालतोय, मागून गाडी, असे खाली उतरलो. उताराला ब्रेक दाबला की फट उघडल्याचा आवाज यायचा. मला तो माझ्या छातीत यायचा. दोन तास लागले. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर अर्ध्या घटकेत मुलगा झाला. दोघं सुखरूप. लोकांनी माझी तारीफ केली, की मोडक्या गाडीनं आणलं. गाडी मोडली कुणी, हे मी कुणाला सांगितलं नाही.

चाचांकडं गाडी ओढून नेली. ते एक शब्द टोचून बोलले नाहीत. पट्टी ग्राइंडरनं काढली. चीर जिथं थांबली होती तिथं टोकाला एक गोल भोक पाडलं. म्हणाले, चिरेला टोक असतं तोवर ती पुढं पळते, गोल भोकात तिला टोक राहत नाही. मग चीर भरून घासून सपाट केली, आणि वर जी पट्टी लावली तिची दोन्ही टोकं निमुळती, नांगराच्या फाळासारखी. ती बोल्टांनी बसवली, तीही चॅनेलच्या उभ्या अंगावर. खालच्या-वरच्या कडेला ना भोक, ना आडवं वेल्डिंग. सगळा ताण कडेला असतो, तिथं जखम करायची नाही.

मी विचारलं, "चाचा, जाड केली तर तुटली कशी?" त्यांनी कोपऱ्यातला पीव्हीसी पाइपचा तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाले, पिळ. पिळला जाईना. मग करवतीनं त्याला लांबीच्या लांबीत एक काप दिला. आता पिळ. तोच पाइप, तेवढाच जाड, पण सहज पिळला. "तुझी चेसी हा कापलेला पाइप. ती पिळवटायलाच बनवली. तू मधला तुकडा बंद केलास. मग तेवढं पिळवटायचं बंद झालं, आणि सगळा पीळ त्याच्या शेजारच्या वितीवर आला. तिनं किती सोसायचं?"

वाचणाऱ्यानं घरी करून बघावं. शेतकऱ्याच्या घरी पाइपचे तुकडे काय कमी असतात!

आता थोरल्याच्या गाडीकडं येतो. पोत्यावर झोपून मी बोटांनी वाजवत गेलो. हिचीही शिडीचीच चेसी, पण चॅनेल चारी बाजूंनी बंद. म्हणजे न कापलेला पाइप. मी मनात म्हणालो, ही पिळवटणार नाही, मग खड्ड्यात चाकं जमीन कशी धरणार? थोरल्याला म्हणालो, चल ओढ्यावर.

तोच ओढा. आता शेजारी पूल झालाय, पण खालची जुनी वाट आहे. पुढचं डावं चाक एका धोंड्यावर, मागचं उजवं दुसऱ्यावर, अशी गाडी तिरपागडी उभी केली. म्हणालो, आता दार उघड. दार उघडलं आणि बोटानं ढकललं तर लागलंही. माझ्या जुन्या जीपला कुणी पत्र्याचं टप आणि दारं बसवली असती तर अशा जागी दार एक तर उघडलं नसतं, नाही तर उघडून परत लागलं नसतं. मग खाली बघितलं. इथं पाटे नाहीत, गोल स्प्रिंगा. पुढची दोन चाकं एकमेकांच्या ओझ्यातनं मोकळी, प्रत्येक आपापलं वरखाली होतं. मागं अख्खा आख आहे, पण तो दांड्यांनी धरलेला आणि स्प्रिंगांवर झुलणारा. जुन्या गाडीत लवण चेसीत होती. हिच्यात ती चाकांच्या सांध्यात नेऊन ठेवलीय आणि चेसी ताठ ठेवलीय.

त्याचे फायदे उघड आहेत. ताठ चेसीवर स्प्रिंगा आपलं काम नीट करतात. डांबरी रस्त्यावर गाडी सरळ पळते. माझी जीप साठच्या पुढं गेली की स्टेअरिंगशी भांडण सुरू. धडक बसली तर ताठ सांगाडा आणि त्यावरची केबिन माणसाला राखते. २०२० च्या या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. माझ्या ताडपत्रीच्या जीपमधे धडकेत वाचणं देवाच्या हवाली होतं. हे कबूल केलं पाहिजे.

पण प्रत्येक गोष्टीची किंमत असते. स्प्रिंगेचा पल्ला संपला की ताठ गाडीचं एक चाक हवेत उचललं जातं. मग लॉक किंवा ब्रेक लावून जमिनीवरच्या चाकाला जोर द्यायची सोय लागते. ती सोय चालते, पण तिच्यात वायरी आहेत, आणि वायरीचं काम पाटणच्या झाडाखाली होत नाही. दुसरं, बंद चॅनेलच्या पोटात चिखलपाणी जातं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून गंज धरलेला, असं होऊ शकतं. उघड्या चॅनेलला हात घालून चिखल काढता यायचा, चीर पडली तर दिसायची.

पारावर म्हातारी माणसं म्हणतात, जुन्या गाड्या मजबूत, पत्रा बघा केवढा जाड. मी त्यांच्यातलाच, पण मला हे पटत नाही. जुनी जीप टिकली ती जाडीनं नाही, वाकली म्हणून टिकली. नवी पातळ दिसली तरी पोलाद जास्त कसाचं आहे आणि घडण बंद आहे. पिळवटणारी चेसी आजही बाद झालेली नाही. गळिताच्या हंगामात उसाचा भरलेला ट्रक शेतातून रस्त्यावर चढताना मागून बघा. केबिन एका बाजूला, फाळका दुसऱ्या बाजूला. त्यालाही उघडे चॅनेल आणि रिबिटाच नाही तर बोल्ट. ओझं आणि खड्डा जिथं एकत्र येतात तिथं कुठं तरी काही तरी लवलंच पाहिजे. ते कुठं लवायचं, हे बनवणारा ठरवतो. आपण मधेच आपल्या अकलेनं एक पट्टी मारली की त्याचा सगळा हिशेब बिघडतो.

म्हणून थोरला मागं ट्रॉलीचा हूक वेल्ड करून आणायला निघाला तेव्हा मी किल्ली काढून घेतली. तो चिडला. "आबा, लोक करत्यात की." त्या दिवशी मी त्याला आषाढातली रात्र पहिल्यांदा पुरी सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. हूक त्यानं कंपनीनं ठेवलेल्या भोकांतच बोल्टनं बसवून आणला.

एकाला सांगितल्यावर दुसऱ्यालाही सांगावं वाटलं. दिवाळीत वरच्या वाडीला गेलो. ती बाई आता आजी झालीय, त्या रात्रीचा पोरगा तिशीतला. मी म्हणालो, "वहिनी, त्या रात्री पाटा बसला नव्हता. चेसी तुटली होती, आणि ती माझ्या हट्टानं तुटली होती." ती फराळाचं ताट ठेवत म्हणाली, "मला काय कळतंय भाऊजी त्यातलं? लाकूड बांधताना तुमचे हात कापत होते, तेवढं दिसत होतं." मग म्हणाली, "करंजी घ्या."

मिरग जवळ आला की मी पाण्याची नळी घेऊन थारच्या चॅनेलची भोकं एकेक करून धुतो. आधी गढूळ पाणी येतं. नितळ येईपर्यंत नळी धरून ठेवतो.