सगळे एका बाजूला धावले

‘गोष्ट एकतर्फी झाली.’ एका कथाकथन स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या वर्गातल्या मुलीच्या कागदावर हा शेरा मारला. त्याला बराच काळ लोटला, पण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

रेवसला मी सुट्टीच्या दिवशी मुलांचा गोष्टींचा वर्ग घेते. मुलं रेवसची, शेजारच्या बोडणीची, बहुतेक कोळ्या-आगऱ्यांच्या घरची. गोष्ट ऐकायची आणि मग विचारायचं, ही सांगतोय कोण? तो तेव्हा कुठे उभा होता? त्याला काय दिसत नव्हतं? सुरुवात कान्होजी आंग्र्यांपासून केली. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं, आपण सरखेल म्हणतो. माणूस तोच, समुद्रही तोच. मुलांना हे झटकन कळलं. कळणारच, कारण त्यात आपली बाजू जिंकते. समोरच्याचा पूर्वग्रह ओळखायला फारशी अक्कल लागत नाही.

म्हणून ‘रामदास’ बोटीची गोष्ट घेतली. १७ जुलै १९४७ ची सकाळ. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ वादळात उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. इथल्या पोरांना ही गोष्ट घरोघरी ऐकून पाठ आहे. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी टोपल्या समुद्रात रिकाम्या केल्या आणि माणसं होड्यांत ओढली, असं इथे सांगतात. त्या मुलीने स्पर्धेत तेच सांगितलं, होडीतून. म्हणजे मोठी बोट कुठे दिसतच नाही. आधी एक ट्रंक तरंगत येते, मग छत्री, मग हात. पोरीने फार सुंदर सांगितलं होतं. हात ओढताना कोण कुठल्या गावचा ते विचारायला वेळ नव्हता, असं एक वाक्य तिने स्वतःच्या मनाने घातलं होतं, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या.

परीक्षक म्हणाले, ‘छान. पण बोट का बुडाली ते आलंच नाही. लाट आली, प्रवासी घाबरून सगळे एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. मूळ कारण सोडून चालत नाही. आणि तो गटारीचा दिवस होता, लोक त्याच घाईत होते, हेही सांगायला हवं.’

गुण कापले. बक्षीस मिळालं ते शिवरायांवरच्या भाषणाला, ज्यात एकही माणूस श्वास घेत नव्हता. असो.

आता हे वाक्य बघा, ‘प्रवासी सगळे एका बाजूला धावले.’ खोटं असेल असं मी म्हणत नाही. वाचलेल्यांनीही तसं सांगितलंय. पण वर्गात आम्ही ते फळ्यावर लिहिलं आणि मुलांना म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. एकाने विचारलं, ‘बाई, दुसऱ्या बाजूला काय होतं? पाणी येत होतं का?’ दुसऱ्याने विचारलं, अंगात घालायची जॅकेटं किती होती? तशा हवेत बोट सोडायची हे कोणी ठरवलं? बोट सकाळीच बुडाली, मग मुंबईला कळायला इतका वेळ का लागला, लाइफबॉय धरून वाहत गेलेल्या बारकू मुकादमसारख्या कोवळ्या पोराने किनाऱ्याला लागून का सांगावं लागलं? १९२७ साली ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या होत्या, त्यानंतर काय सुधारलं? त्या एका वाक्यात कंपनी नाही, हवामान नाही, धक्क्यावरचा माणूस नाही. आहेत फक्त धावणारे. आणि कप्तान वाचले, त्यांना आपलं म्हणणं मांडता आलं. धावणाऱ्यांतले बहुतेक परत आलेच नाहीत.

गटारीचं तसंच. गटारीला निघालेले म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाटली येते. त्याच अवसेला घराघरांत दिवे घासून पुजतात. दिव्याच्या अवसेला घरी निघालेली माणसं बुडाली असं म्हणून बघा, वाईट जास्त वाटतं की नाही?

शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. मुलांना तात्पर्य विचारायचं थोडं थांबवा. तात्पर्य विचारलं की पोर सांगणाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतं. त्यापेक्षा गोष्टीत कोण बोललंच नाही ते शोधायला लावा. ट्रंकवाला, धक्क्यावर तिकीट फाडणारा, रेवसच्या धक्क्यावर डबा घेऊन थांबलेली आई. वर्तमानपत्राची एक बातमी आणि आजीची एक आठवण शेजारी शेजारी ठेवली तरी पुरतं. पैसे लागत नाहीत.

वर्गात हे सगळं मी तावातावाने बोलत होते, तेवढ्यात त्याच मुलीने विचारलं, ‘बाई, सगळ्याच होड्या थांबल्या का? एखादी तशीच गेली नसंल?’

मला आवडलं नाही. खरं सांगते, रागच आला. म्हटलं, अगं, आपल्या माणसांनी मावरं फेकून लोकांना वाचवलं, त्याच्यावर कसला संशय घेतेस? मूठभर लोकांनी केलेलं चांगलं काम, तेही अर्धं विसरलेलं. मुंबईतल्या किती जणांना ठाऊक आहे? त्यालाही पोरीने नख लावायचं? परीक्षकांचं वाक्य फळ्यावर घेऊन उसवायला मला मजा आली होती. हे वाक्य फळ्यावर घ्यायला हात उचलेना. आणि कोळ्यांचं कौतुक नि त्या परीक्षकांची टिप्पणी एका मापाने मोजायची, हे मला आजही पटत नाही. दुबळ्यांच्या गोष्टीला थोडी सूट द्यावी असं माझं मत आहे. ते मत वर्गात टिकत नाही, हा भाग वेगळा.

मुलगी घरी जाऊन आजोबांना विचारून आली. ते म्हणाले म्हणे, ‘गेली असंल एखादी. पन जो थांबला नाय तो सांगाय येल काय?’

आता ती गोष्ट न थांबलेल्या होडीतून लिहितेय. तांडेलाच्या घरात आजारी पोर आहे, होडी आधीच भरलेली आहे, लाटा डोक्यावरून जातायत, आणि तो पाठ फिरवतो, इथपर्यंत आली आहे. चांगली होतेय. पुढच्या स्पर्धेत तीच सांगणार म्हणते. बोडणीत लोक काय म्हणतील या विचाराने मी तिला दुसरी गोष्ट सुचवून पाहिली. तिने ऐकलं नाही.